टाकीवाले पाण्याखाली गेले

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळी इमारत टाकीवाले म्हणायची. नवीन भाडेकरू आले की पहिल्याच आठवड्यात त्यांच्या दारावर टकटक करून गॅस संपल्याचं सांगायचे. टाकीवाले शांतपणे म्हणायचे, "आमच्या टाकीत हवा असते. स्वयंपाकाला चालत नाही." मग गॅसवाल्याचा नंबर द्यायचे. तो त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला लिहूनच ठेवला होता.

बंदराच्या टोकाला स्कूबा डायव्हिंग शिकवणारी एक शाळा होती. पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राखाली कसं जायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत कसं यायचं, हे तिथे शिकवत. टाकीवाले तिथे बावीस वर्षं टाक्या भरत होते. शाळेच्या मागे पत्र्याची खोली, खोलीत कॉम्प्रेसर आणि पाण्याचा लांबट हौद. हवा दाबून भरली की टाकी तापते, म्हणून भरताना टाक्या त्या हौदात उभ्या करायच्या. भरून झाली की प्रत्येक टाकीचं तोंड किंचित उघडून हवा पांढऱ्या फडक्यावर सोडायची. फडक्यावर तेलाचा डाग दिसला तर सगळी खेप रिकामी करून पुन्हा भरायची. मग वास घ्यायचा. चांगल्या हवेला वास नसतो, चव नसते, काहीच नसतं, असं ते सांगत. "आपलं काम नीट झाल्याची एकच खूण," ते म्हणत, "कुणी आपलं नाव काढत नाही."

एवढ्या वर्षांत ते स्वतः एकदाही पाण्याखाली गेले नव्हते. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात कुणीतरी हौसेने त्यांना शाळेच्या पोहण्याच्या तलावात उतरवलं होतं. नाकातोंडात पाणी गेलं आणि त्यांनी कानाला खडा लावला. पुढे कुणी आग्रह केला की ते सांगत, "कान दुखतात." दुखत नव्हते. पण कानाबद्दल कुणी वाद घालत नाही.

इमारतीत मात्र आम्ही सगळे समजत होतो की ते पट्टीचे पाणबुडे आहेत. त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं आणि तसं नाही असंही कधी म्हटलं नव्हतं. एका माणसापुढे मात्र त्यांनी ते म्हटलं होतं, आणि एकदा नव्हे, अकरा वर्षं, जवळजवळ रोज. तो माणूस म्हणजे त्यांचे सासरे.

सासरे हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, म्हणून घरात आणि इमारतीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. आमच्या टाकीवाल्यांनाही लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं आणि शंभरांपैकी अकरा मार्क दिले होते. लग्न ठरताना त्याचा उल्लेख झाला, पण आडकाठी आली नाही. निवृत्तीनंतर मास्तर जिन्यावरून पडले, कंबरेचं हाड मोडलं, आणि लेकीकडे राहायला आले. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर फळी, फळीवर कागद, असा त्यांचा दिवस जायचा. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे. तिची त्यांनी चार चित्रं काढली आणि थांबले.

एका संध्याकाळी जावई कामावरून आले तेव्हा मास्तरांनी सहज विचारलं, "काय जावईबापू, आज खाली काय पाहिलंत?"

त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. आपला जावई रोज समुद्रात उतरतो असं त्यांनी धरूनच चाललं होतं. टाकीवाल्यांनी तोंड उघडलं ते खरं सांगायला. पण त्या दिवशी डायव्हिंग करून आलेले लोक टाक्या परत देताना एका कासवाबद्दल तावातावाने बोलत होते. ते कासवच तोंडातून बाहेर पडलं. मास्तरांनी कागद ओढला. कासव केवढं, पाठ कशी, डोळा कुठे, असे प्रश्न विचारले. जेवण होईपर्यंत चित्र झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं.

तेव्हापासून रोज टाक्या परत घेताना टाकीवाले डायव्हिंगवाल्यांचं बोलणं कान देऊन ऐकू लागले. कुणी बोललंच नाही तर स्वतःहून विचारत. संध्याकाळी ते सगळं प्रथमपुरुषी एकवचनात मास्तरांना सांगत. अकरा वर्षांत भिंतीवर आणि भिंत भरल्यावर पलंगाखाली मिळून तीन हजार मासे जमले.

त्यांच्या बायकोला सगळं माहीत होतं. त्या वाचनालयात नोकरी करत, आणि मीही तिथेच करतो, म्हणून ही गोष्ट मला कळली. "तुम्ही त्यांना सांगत का नाही?" मी एकदा विचारलं.

"कुणाला?" त्या म्हणाल्या. "वडिलांना सांगितलं तर नवरा गप्प बसेल. नवऱ्याला सांगितलं तर वडील गप्प बसतील. सध्या दोघंही बोलतायत. चालू द्या."

टाकीवाल्यांना चौपन्नावं लागलं त्या वर्षी शाळेच्या विमा कंपनीचं पत्र आलं. शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाकडे डायव्हिंगचं प्रमाणपत्र हवं, तेही रात्रीच्या डाइव्हसकट, नाहीतर विमा लागू होणार नाही. मुदत सहा महिने. मालकांनी टाकीवाल्यांना बोलावलं.

"तुमचं ते कानाचं काय करायचं?" मालक म्हणाले.

"बघतो," टाकीवाले म्हणाले.

कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासून सांगितलं की इतके चांगले कान या वयात क्वचित बघायला मिळतात. तो मार्ग बंद झाला. घरी बायको म्हणाल्या, "अहो, बावीस वर्षं काठावर बसलात. आता पन्नाशी उलटल्यावर कसली हौस?"

"हौस नाही," टाकीवाले म्हणाले. "विमा आहे."

त्यांना शिकवायला शाळेतल्या एकतीस वर्षांच्या मॅडम होत्या. आठ वर्षं त्या यांना काका म्हणत आणि हे त्यांना पोरी म्हणत. पहिल्या दिवशी तलावाच्या काठावर त्या म्हणाल्या, "काका, वर्ग चालू असताना मी तुम्हाला काका म्हणणार नाही."

"मग काय म्हणणार?"

"काहीच नाही. खुणेने बोलायचं असतं."

"बरं, मॅडम," टाकीवाले म्हणाले. पुढे त्यांनी वर्गात एकदाही चूक केली नाही, म्हणजे संबोधनाच्या बाबतीत.

पाण्यात नेहमी जोडीने उतरायचं असतं. टाकीवाल्यांची जोडी एका दातांच्या डॉक्टरांशी लागली. हे डॉक्टर सतत प्रश्न विचारत. पेशंटच्या तोंडात हत्यारं घालून बोलायची सवय असल्यामुळे उत्तराची मात्र त्यांना अपेक्षा नसे. तलावाच्या तळाशी गेल्यावर तेही गप्प झाले. टाकीवाल्यांना पाण्याखालची आवडलेली ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट म्हणजे हवा. टाकीतली हवा पोचवणारा रेग्युलेटर तोंडात धरून त्यांनी पाण्याखाली पहिला श्वास घेतला, तेव्हा बावीस वर्षांत प्रथमच आपल्या हातची हवा चाखली. चव लागली नाही. त्यांना बरं वाटलं.

बाकी सगळं अवघड होतं. डोळ्यांवरचा मास्क पाण्याखाली पूर्ण काढायचा, पुन्हा लावायचा आणि नाकाने हवा सोडून आतलं पाणी बाहेर काढायचं, असा एक धडा असतो. पहिल्या वेळी टाकीवाल्यांनी मास्क काढला आणि ते सरळ उभे राहिले. पाणी गळ्याइतकंच होतं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वेळीही ते उभे राहिले. पाचव्या वेळी मॅडमनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो दाबला नाही, नुसता ठेवला. टाकीवाले डोळे मिटून गुडघ्यांवर बसून राहिले, मास्क लावला, नाकाने हवा सोडली, आणि डोळे उघडले तर समोर मॅडम अंगठा आणि बोट जुळवून ठीक असल्याची खूण करत होत्या. कसं जमलं ते त्यांना आजही सांगता येत नाही.

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? मास्तरांच्या लेखी जावई बावीस वर्षांचे मुरलेले पाणबुडे होते. ओला टॉवेल वाळत घालताना मास्तरांनी पाहिलं आणि म्हणाले, "आज टॉवेल न्यायची वेळ आली वाटतं." टाकीवाले म्हणाले, "हो, जरा." खरं तर अकरा वर्षांत त्यांचा टॉवेल कधीच ओला झालेला नव्हता, आणि त्याबद्दल मास्तरांनी कधी काही विचारलं नव्हतं.

मग समुद्रातल्या दिवसाच्या डाइव्ह सुरू झाल्या. पहिल्यांदा चाळीस फुटांवर गेले तेव्हा टाकीवाल्यांनी मासे पाहिले. खरे, पोहणारे, शेकड्याने. सगळे निळसर राखाडी दिसत होते. खाली गेलं की पाणी लाल रंग खाऊन टाकतं, हे त्यांनी ऐकलं होतं, पण आपण वर्षानुवर्षं मास्तरांना शेंदरी आणि तांबडे मासे सांगत आलो, हे त्या क्षणी त्यांना आठवलं. शिवाय मासे चित्रातल्यासारखे बाजू दाखवून थांबत नव्हते. समोरून यायचे, पायाखालून जायचे, शेपटी दाखवून वळायचे. धड एकही अख्खा बघून होत नव्हता.

त्या संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, "आज काय पाहिलंत?"

टाकीवाल्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. "काही नाही," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खरोखर काही पाहिलं होतं आणि त्याच दिवशी त्यांना काही सांगता येईना. दुसऱ्या समुद्रफेरीनंतरही तेच झालं. मास्तरांनी फळी बाजूला ठेवली आणि लेकीला विचारलं, "यांची तब्येत बरी आहे ना?"

शेवटी रात्रीची डाइव्ह राहिली. त्या दिवशी दुपारी टाकीवाल्यांनी नेहमीप्रमाणे टाक्या भरल्या. प्रत्येक टाकीच्या तोंडाशी रबराची एक बारीक रिंग असते. तिच्यामुळे टाकी आणि रेग्युलेटरचा जोड घट्ट बसतो आणि हवा गळत नाही. सदतीस नंबरच्या टाकीची रिंग त्यांच्या बोटाला जरा कडक लागली. एरवी त्यांनी ती तिथल्या तिथे काढून नवी बसवली असती. पण घड्याळात साडेचार वाजले होते, आणि सूट अजून चढवायचा होता. आज चालेल, उद्या बदलू, असं म्हणून त्यांनी सदतीस नंबर बाकीच्यांबरोबर होडीवर चढवला.

सूर्य बुडाल्यावर होडी एका खडकाळ उथळ भागावर नांगरली. मॅडमनी दोघांना सूचना दिल्या. हातात मोठा टॉर्च, खिशात छोटा. टाकीला हिरवी चमकणारी कांडी, म्हणजे कोण कुठे आहे ते दिसेल. टॉर्चने सावकाश वर्तुळ काढलं तर सगळं ठीक. टॉर्च भराभर आडवा हलवला तर इकडे लक्ष द्या. कुणाच्या तोंडावर उजेड मारायचा नाही.

"आणि शार्क आला तर?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, आणि लगेच म्हणाले, "नाही, इथे नसतातच म्हणा."

टाकीवाले उतरले. उतरताना काहीच दिसत नव्हतं. भीती वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती, पण त्यांनी मला सांगितलं ते असं: दिवसा खाली बघितलं की पाचावर धारण बसायची, कारण खोली दिसायची. रात्री खोलीच दिसत नाही. टॉर्चच्या उजेडात मावेल तेवढीच जागा असते, आपल्या स्वयंपाकघराएवढी, आणि आपण त्या स्वयंपाकघरासकट पुढे सरकतो. बाहेर जे काही असेल ते असो.

तळाशी पोचल्यावर त्यांनी खडकावर उजेड टाकला आणि खडक लाल झाला. लाल, शेंदरी, मधूनच हळदीसारखा पिवळा. दिवसा इथेच ते येऊन गेले होते आणि तेव्हा हाच खडक धुतलेल्या पाटीसारखा होता. टॉर्च हातभर अंतरावर असल्यामुळे पाण्याला रंग खायला सवड मिळत नव्हती. टाकीवाल्यांनी टॉर्च बाजूला केला. खडक काळा झाला. पुन्हा टाकला. पुन्हा लाल. असं त्यांनी चार-पाचदा केलं. मॅडमना वाटलं ते काही खूण करतायत, म्हणून त्या जवळ आल्या. टाकीवाल्यांनी सगळं ठीक असल्याचं वर्तुळ काढलं.

खडकाच्या फटीफटीत दोन-दोन ठिणग्या चमकत होत्या. ते कोळंब्यांचे डोळे. जवळ गेलं की जोडीने विझायच्या. एका कपारीत एक पोपटमासा झोपला होता. झोपण्यापूर्वी त्याने आपल्याच तोंडातून चिकट पातळ पिशवी काढून स्वतःभोवती गुंडाळून घेतली होती, आणि आत तो डोळे उघडे ठेवून, तोंड किंचित वासून पडला होता. दातांचे डॉक्टर बराच वेळ त्याच्या तोंडात उजेड टाकून बघत राहिले. मॅडमनी त्यांचा टॉर्च हळूच दुसरीकडे वळवला.

मग टाकीवाल्यांना ऑक्टोपस दिसला. आधी तो दगड होता. मग दगडाने एक पाय पुढे टाकला. तो खडकावरून चालत त्यांच्याकडे आला, वाटेत तांबडा झाला, मग पांढरट ठिपक्यांचा, मग पुन्हा दगडासारखा. हातभरावर थांबून त्याने त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्याची बाहुली आडवी होती. मग एक हात लांब करून त्याने टॉर्चची काच चाचपली, ती नापसंत केली, आणि टाकीवाल्यांच्या उघड्या बोटांवर हात ठेवला. वाट्यांसारखे छोटे छोटे चोषक एकापाठोपाठ एक चिकटत गेले आणि सुटत गेले, जिभेने चाखून बघावं तसे. टाकीवाले हलले नाहीत. कॉम्प्रेसरच्या काट्याकडे बघत न हलता उभं राहायची त्यांना बावीस वर्षांची सवय होती. ऑक्टोपसने मनगटापर्यंत चाखून बघितलं, हात काढून घेतला आणि एका फटीत ओतल्यासारखा निघून गेला. ती फट टाकीवाल्यांच्या अंगठ्याएवढी होती.

ते तिथेच तरंगत राहिले आणि तेव्हा त्यांना आवाज ऐकू आला. बारीक, सलग, सुईच्या टोकासारखा. तो आवाज त्यांच्या इतका ओळखीचा होता की आपण पत्र्याच्या खोलीत आहोत असंच त्यांना क्षणभर वाटलं. कुठेतरी हवा गळत होती. पाण्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, चोहोबाजूंनी आल्यासारखा वाटतो. त्यांनी आपली टाकी हाताने चाचपली. ठीक होती. डॉक्टरांच्या टाकीवर उजेड टाकला. ठीक होती. मग मॅडमच्या मानेमागे उजेड टाकला तर तिथून बुडबुड्यांचा एक बारीक दोरा सरळ वर चालला होता. टाकीवर नंबर होता सदतीस.

टाकीवाल्यांनी टॉर्च भराभर आडवा हलवला. मॅडम आल्या. त्यांनी मॅडमच्या टाकीकडे बोट दाखवलं. मॅडमनी ठीक असल्याची खूण केली. त्यांना पाठीमागचं दिसत नव्हतं, आणि नवशिक्यांना रात्री काय काय दिसतं आणि ऐकू येतं याचा अनुभव होता. टाकीवाल्यांनी पुन्हा टॉर्च हलवला, आणि मॅडमच्या हवेचा काटा हातात धरून त्यांच्या डोळ्यांसमोर नेला. शिकवणारे सगळ्यांत कमी हवा वापरतात. त्या रात्री मॅडमचा काटा तिघांत सगळ्यांत खाली होता.

मॅडमनी काट्याकडे पाहिलं, टाकीवाल्यांकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ शाबास असा होत नाही. वर चला, असा होतो.

वर जाताना पंधरा फुटांवर तीन मिनिटं थांबायचं असतं, म्हणजे शरीराला त्रास होत नाही. ती तीन मिनिटं टाकीवाले मॅडमच्या समोर, आपला जादाचा रेग्युलेटर हातात तयार धरून थांबले. तो लागला नाही. मॅडमकडे वर पोचून उरेल एवढी हवा होती. पण टाकीवाले सांगतात की त्या तीन मिनिटांत त्यांनी बावीस वर्षांतली एकूण एक टाकी आठवून पाहिली.

होडीवर चढल्यावर दातांच्या डॉक्टरांनी तोंडातला रेग्युलेटर काढला आणि राहिलेलं सगळं बोलणं एकदम सुरू केलं. "एवढ्यासाठी वर आलो? थोडे बुडबुडेच तर होते. आणि होकायंत्राचा धडा राहिला, म्हणजे ही डाइव्ह धरणार नाहीत ना? माझे दोन पेशंट मी पुढे ढकलले होते."

मॅडमनी टाकीवरचा जोड सोडवला आणि टॉर्चखाली रिंग बघितली. कडेला चीर गेली होती.

"ही टाकी मीच भरली," टाकीवाले म्हणाले. "दुपारी रिंग हाताला कडक लागली होती. म्हटलं उद्या बदलू."

होडीवाल्याने इंजिन चालू करायला हात पुढे नेला होता, तो त्याने मागे घेतला.

"तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "का?"

"घाई होती. संध्याकाळच्या डाइव्हची." मग जरा थांबून, "माझ्याच."

मॅडमनी ती रिंग बोटांत फिरवून पाहिली. ही टाकी चुकून विद्यार्थ्याच्या पाठीवर गेली असती तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, हे मालकांना सांगावं लागेल."

"मी सांगतो, पोरी."

वर्ग संपला होता, त्यामुळे दोघांचीही चूक झाली नाही.

मालकांनी दुसऱ्या दिवशी ठपक्याचं पत्र लिहिलं. बावीस वर्षांतलं पहिलं असल्यामुळे त्यांना फार जड गेलं. त्यात रिंगचं माप चुकलं होतं. टाकीवाल्यांनी ते दुरुस्त केलं, खाली सही केली, आणि पुढचे दोन दिवस बसून शाळेतल्या सगळ्या साठ टाक्यांच्या रिंगा बदलल्या, चांगल्या होत्या त्यांच्यासुद्धा.

पण हे दुसऱ्या दिवसाचं. त्या रात्री ते साडेनऊच्या सुमारास घरी आले. केस ओले होते. बायको जेवायला थांबल्या होत्या. मास्तर खिडकीपाशी जागेच होते. आता ते विचारतही नसत.

टाकीवाले त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. होडीवर एकदा खरं बोलून झालं होतं, आणि त्यातून काही फार भयंकर झालं नव्हतं, म्हणून असेल.

"मास्तर," ते म्हणाले, "मी आजवर जे मासे सांगितले ते मी पाहिलेले नव्हते. मी फक्त टाक्या भरतो. पाण्यात उतरून मला दोनच महिने झालेत. ते सगळं लोकांचं ऐकून सांगत होतो."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"मला ठाऊक आहे," मास्तर म्हणाले.

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. जावईबापू, तुम्ही सांगितलेला प्रत्येक मासा बाजूने दिसायचा. ताटात ठेवल्यासारखा. समुद्रात पोहणाऱ्या माणसाला कधीतरी मासा समोरून दिसेल की नाही? मागून दिसेल की नाही? हजारो मासे, आणि एकाचंही तोंड माझ्याकडे नाही. तुम्हाला शाळेत अकरा मार्क मी उगाच नव्हते दिले."

"मग तुम्ही काढत का राहिलात?"

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोर भिंत होती. "म्हटलं, जावई रोज खोटं बोलायला इतके कष्ट घेतोय. कागद तरी फुकट जाऊ नये."

बायको दारात येऊन उभ्या होत्या. "जेवण गार होतंय," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या नाहीत.

"आज काय पाहिलंत?" मास्तरांनी विचारलं.

टाकीवाल्यांनी ऑक्टोपस सांगितला. आधी दगड होता, मग चालला, तो कसा चालला, कुठला हात आधी आला. मास्तरांनी फळी मांडीवर घेतली आणि काढायला सुरुवात केली. थोड्या वेळाने टाकीवाले वाकून बघत म्हणाले, "नाही. डोळा असा नाही. बाहुली आडवी."

मास्तरांनी खोडलं. "अशी?"

"अजून आडवी. आणि हा हात इतका गोल नाही. ओतल्यासारखा."

अकरा वर्षांत त्यांनी मास्तरांच्या एकाही चित्राला नाही म्हटलं नव्हतं. त्या एका ऑक्टोपसला चार संध्याकाळी लागल्या आणि एक अख्खा खोडरबर संपला. दोनदा मास्तर चिडले, एकदा टाकीवाले. तिसऱ्या दिवशी बायकोंनी मला वाचनालयात सांगितलं, "घरात भांडणं चालू आहेत." चेहऱ्यावरून त्या खूश होत्या.

राहिलेला होकायंत्राचा धडा पुढच्या महिन्यात झाला. टाकीवाले अंधारात सरळ रेषेत गेले आणि सरळ रेषेत परत आले. दातांचे डॉक्टर सरळ रेषेत गेले. त्यांना आणायला मॅडमना जावं लागलं, पण तेही पास झाले. प्रमाणपत्रं आली त्याच आठवड्यात विमा कंपनीचं दुसरं पत्र आलं. काठावर काम करणाऱ्यांना ही अट लागू नव्हती, आधीच्या पत्रात चुकून तसं छापलं गेलं होतं, गैरसोयीबद्दल दिलगिरी. मालकांनी ते पत्र टाकीवाल्यांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि परत दिलं.

मास्तर आणखी तीन वर्षं होते. त्या काळात त्यांनी चाळीसेक चित्रं काढली, आणि त्यांतले बहुतेक मासे समोरून आहेत. समोरून मासा म्हणजे एक उभी फट आणि दोन बाजूंना दोन डोळे, त्यात काही देखणं नसतं. मास्तर म्हणायचे की आयुष्यात काढलेली ही पहिली खरी चित्रं. ते गेल्यावर मॅडमनी ऑक्टोपसचं चित्र मागून घेतलं. शाळेच्या वर्गात ते लावलंय, आणि बाहुली आडवी असते हे त्या त्यावर बोट ठेवून शिकवतात.

टाकीवाले साठाव्या वर्षी निवृत्त झाले. तोवर त्यांच्या नावावर अठ्ठेचाळीस डाइव्ह होत्या, आणि त्यांतल्या एक्केचाळीस रात्रीच्या. निरोपाच्या चहाला दातांचे डॉक्टर आले होते. त्यांनी विचारलं की रात्रीचंच एवढं वेड कसं काय, अंधाराची ओढ, रहस्य, असं काही आहे का.

"नाही," टाकीवाले म्हणाले. "दिवसा टाक्या भरायच्या असतात."